खिळ्यांचं टेबल : प्रकल्प नोंदी

रविवार, 5 जानेवारी 2025

टेबल करायचं ठरलं. जागा खिडकीखाली. लांबी दीड मीटर, रुंदी पाऊण मीटर. जेवणाचं नाही, कामाचं: लॅपटॉप, कागद, अधूनमधून आईचं शिलाई मशीन.

तयार नकाशे बरेच चाळले. अमेरिकन नकाशे दिसायला नेटके असतात. कापायच्या तुकड्यांची यादी, पायरीपायरीची चित्रं, सगळं. पण त्यांनी गृहीत धरलेलं लाकूड पुण्यात मिळत नाही. त्यांचा 'टू बाय फोर' प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरतो, कारण ते भट्टीत वाळवून, रंधा मारून झाल्यावरचं माप असतं. आपल्याकडे चार-दोन मागितलं तर कापीव चार-दोन हातात येतं आणि रंधा मारल्यावर जे उरेल ते आपलं. म्हणजे यादीतलं एकेक माप पुन्हा काढा. वर तिरपी भोकं पाडायचा साचा, टेबल सॉ, डझनभर क्लॅम्प. एका टेबलासाठी एवढी हत्यारं घेण्यापेक्षा तयार टेबल घेतलेलं बरं.

शेवटी एन्झो मारीच्या नकाशांवर येऊन थांबलो. इटलीतला हा डिझायनर. 1974 मध्ये मिलानला त्याने 'आउतोप्रोजेत्तात्सिओने' (साधारण अर्थ, आपली रचना आपणच) नावाने 19 वस्तूंचे नकाशे मांडले: टेबलं, खुर्च्या, बाक, पलंग, कपाट. टपालखर्च पाठवला की नकाशे घरपोच. सांधे नाहीत, सरस नाही. बाजारात मिळणाऱ्या साध्या फळ्या-पट्ट्या, खिळे, करवत आणि हातोडी. कारखानदार आणि व्यापारी सोडून कोणीही हे नकाशे वापरावेत, आणि केलेल्या वस्तूचे फोटो मला पाठवावेत, असं त्याचं म्हणणं. स्वस्त फर्निचर हा त्याचा मूळ हेतू नव्हता. माणसाने एकदा स्वतः ठोकून पाहिलं की ते उभं का राहतं हे त्याला कळतं, आणि मग दुकानातल्या वस्तूकडे तो वेगळ्या नजरेने बघतो, असा त्याचा हिशोब होता. मला तो पटतो. खिळ्यांचं टेबल घरात शोभेल का, ही शंका आहेच.

शनिवार, 11 जानेवारी

भवानी पेठ, टिंबर मार्केट. सागवान मनातून आधीच काढून टाकलं होतं. भाव हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे नकाशा खिळ्यांचा आहे. सागात खिळा मारायचा तर आधी भोक पाडावं लागतं, नाहीतर फळीचं टोक चिरतं. चंद्रपूरकडचं सागवान संसदेच्या आणि अयोध्येच्या दारांना जातं, त्याच्या छातीत हातोडीने खिळे कशाला ठोकायचे?

सिल्व्हर ओक पाहिलं. रेषा देखण्या, पण ज्या फळ्या होत्या त्या बऱ्यापैकी ओल्या. पाइन घेतलं. हे न्यूझीलंडहून वगैरे येतं, कांडला-गांधीधामला उतरतं, तिथल्या गिरण्यांत चिरलं जातं आणि मग इकडे. मऊ, हलकं, खिळा सहज घेणारं. नकाशा मुळात पाइनचाच.

पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड घ्यावं असंही डोक्यात होतं. भोसरी-चाकणला ढिगाने मिळतं. त्यावर शिक्का बघायचा. 'एचटी' असेल तर ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं असतं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते घरात आणू नये. पण दीड मीटर लांबीच्या सरळ फळ्या खोक्यांत सापडणं कठीण, म्हणून तो विचार बाकासाठी राखून ठेवला.

हिशोब घनफुटात. वरच्या पाच फळ्या, पाच फूट लांब, सहा इंच रुंद, सव्वा इंच जाड: एक फळी 0.26 घनफूट, पाच मिळून 1.3. दोन इंच बाय सव्वा इंच पट्टी साधारण 60 फूट: आणखी 1 घनफूट. तूट धरून पावणेतीन सांगितलं. दुकानातला माणूस वरच्या थरातल्या फळ्या काढून द्यायला लागला. मी प्रत्येक फळी टोकाला धरून एक डोळा मिटून बघितली. रुंदीत वाकलेली परत ठेवली. पिळलेली तर हातातही धरली नाही, कारण पीळ रंध्याने निघत नाही, लाकूडच संपतं. ज्या फळीच्या मधोमध झाडाचा गाभा आलाय ती पुढे हमखास चिरते, तीही बाजूला. बारीक घट्ट गाठी चालतील. काळ्या कडेच्या गाठी पुढे सुटून पडतात.

तिथेच मशीनवर रंधा मारून घेतला. जाडी एक इंच, म्हणजे मिस्त्री लोकांच्या भाषेत आठ सूत. फळ्यांची रुंदी 145 मिलिमीटर उरली.

रविवार, 12 जानेवारी

सगळा माल मागच्या खोलीत थप्पी लावून ठेवला, दर दोन थरांमध्ये आडव्या पातळ पट्ट्या. पिनवालं ओलाव्याचं यंत्र टोचून पाहिलं, 14 टक्के. खोलीच्या हवेशी जुळवून घेऊ दे. तोवर करवतीला हात नाही.

रविवार, 19 जानेवारी

शेजारच्या फ्लॅटमध्ये किचनच्या ट्रॉल्या करणारे मिस्त्री चहाला आले. नकाशा दाखवला. त्यांनी तो उलटा धरला, मग सुलटा, मग चष्मा काढून.

"जोड कुठंय ह्यात?"

"जोड नाहीयेत मिस्त्री. नुसते खिळे."

"मग साहेब, हे फर्निचर नाही. सेंट्रिंग आहे."

हसायला आलं, पण नंतर दिवसभर ते वाक्य डोक्यात राहिलं. बरोबरच होतं ते. आपल्याकडे नुसत्या फळ्या आणि खिळे यांवर रोज टनावारी वजन तोलणारे लोक कोण? स्लॅब ओतताना खाली सेंट्रिंग, म्हणजे फळ्यांचा तात्पुरता आधार, लावणारे. सुतारकामातली त्यांची पत मात्र सगळ्यात खालची. खाच आणि तिच्यात बसणारी कूस जुळवणारा तो खरा कारागीर, फळ्या ठोकणारा तो हेल्पर. मारीने नेमकी तीच रीत उचलून घराच्या मधोमध आणून ठेवली.

कोपऱ्यावर एका जुन्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट चालू आहे. संध्याकाळी तिथे गेलो. नांदेडकडचे एक जण सेंट्रिंगचं काम बघतात, वय पन्नाशीचं. नकाशा बघून त्यांना काहीच नवल वाटलं नाही. त्यांनी थेट विचारलं, "खिळा केवढा घेणार?"

मग त्यांनी जे सांगितलं ते इथे उतरवून ठेवतो, कारण नकाशावर यातलं काही नाही.

खिळा फळीच्या टोकापासून दोन बोटं तरी आत. अगदी कडेला मारायचाच असेल तर आधी खिळा उलटा धरून त्याच्या टोकावर हलकी हातोडी मारायची. टोक बोथट झालं की खिळा लाकडाचे रेषे बाजूला सारत नाही, चेंगरत आत जातो, म्हणून फळी फाटत नाही. दोन खिळे शेजारी असतील तर एक इकडे कलता, एक तिकडे कलता मारायचा, मग फळी ओढून निघत नाही. ("आम्ही काढायचं असतं म्हणून सरळ मारतो. तुम्हाला काढायचं नाही ना?") आणि लाकडाच्या उभ्या टोकात, म्हणजे रेषांच्या दिशेने खिळा मारून त्यावर भरवसा ठेवायचा नाही. तो निघतोच.

मी त्यांना काका म्हटलं, ते मला सर म्हणत राहिले.

रविवार, 2 फेब्रुवारी

ओलावा 10 आणि 11 च्या मध्ये. कापायला घेतलं.

नकाशातली उंची घेतली नाही. घरच्या खुर्च्यांची बैठक 44 सेंटिमीटर आहे. बैठक आणि टेबलाचा वरचा भाग यांत 27 ते 30 सेंटिमीटर अंतर असलं की खांदे वर उचलावे लागत नाहीत. 72 ठरवलं. शिलाई मशीनला हे जरा उंच होईल, पण आई रोज शिवत नाही आणि मी रोज लिहितो.

गच्चीवर खडूने टेबलाची बाजू पूर्ण मापात जमिनीवरच काढली. पट्ट्या त्या रेघांवर ठेवून खुणा केल्या. तिरप्या पट्टीचा कोन काढायला कोनमापक लागत नाही, ती चित्रावर आडवी टाकायची आणि जिथे रेघ येते तिथे खूण. माप घेऊन कापण्यापेक्षा हे जलद आणि जास्त अचूक.

करवत हातातली. जिगसॉ मागून आणली होती, पण जाड पट्टीत तिचं पातं खाली बाहेरच्या बाजूला सरकतं, काप तिरका येतो. परत पिशवीत घातली.

रविवार, 9 फेब्रुवारी

आजचा दिवस या सगळ्या खटाटोपाचा गाभा. पायांच्या चौकटी ठोकल्या.

आधी खिळ्याचं गणित. एकावर एक दोन पट्ट्या, 25 आणि 25, मिळून 50 मिलिमीटर. दोन इंची खिळा 50.8 चा, म्हणजे टोक जेमतेम बाहेर डोकावणार आणि बोट कापणार. पावणेदोन इंची आत राहील पण पकड कमी. अडीच इंची घेतले: आरपार जातात, मागून निघालेलं टोक रेषांना आडवं मुरडून ठोकून बसवायचं. असा मुरडलेला खिळा पुढून उपसता येत नाही. मागची बाजू तेवढी सुंदर दिसत नाही. टेबलाखाली कोण वाकून बघतंय?

दोन उभ्या, दोन आडव्या पट्ट्या ठोकून चौकट उभी केली. प्रत्येक कोपऱ्याला दोन-दोन खिळे. हाताने ढकलली तर चौकट सहज तिरकी झाली. खिळे वाढवले, तीन केले. थोडा फरक, पण डुलणं गेलं नाही. मऊ लाकडात खिळे एवढ्या जवळजवळ असले की जोर आला की तिथलं लाकूड दबतं आणि कोपरा बिजागरीसारखा फिरतो. मग एकच तिरपी पट्टी टाकली, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्याकडे, दोन्ही टोकांना दोन-दोन खिळे. पुन्हा ढकललं. काही नाही. मी तिच्यावर रेललो. काही नाही.

चौकोनाच्या बाजू तेवढ्याच ठेवून त्याचा आकार बदलता येतो. त्रिकोणाचा नाही बदलता येत. हे शाळेत भूमितीच्या वहीत लिहिलं होतं, पुलांच्या कैच्यांत पाहिलं होतं. खांद्याला आज कळलं. जोड पक्के असते, खाच-कूस बसवून सरस भरलेला असता, तर तिरप्या पट्टीची एवढी गरज पडली नसती. कोपऱ्यातलं कसब काढून घेतलं की त्याची भरपाई आकाराने करावी लागते, एवढीच मारीची युक्ती. बांबूची परांची बांधणारेही तेच करतात.

दोन्ही चौकटी झाल्या. एक ते चार हातोडी बंद ठेवली. हे पुणं आहे.

रविवार, 16 फेब्रुवारी

दोन चौकटी लांब पट्ट्यांनी जोडल्या. लांबीच्या दिशेने पुन्हा दोन तिरप्या, एकमेकींच्या उलट.

गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही हे बघायला छोटा गुण्या उपयोगाचा नाही, त्याच्या कडेवर दिसणारी केसभर फट दीड मीटरवर बोटभर होते. दोन्ही कर्ण मोजले, तीन मिलिमीटर फरक. लांब कर्णाच्या टोकांवर दाबून सारखे केले आणि मगच शेवटचे खिळे मारले. कोपऱ्यात 60, 80 आणि 100 सेंटिमीटरचा त्रिकोणही लावून पाहिला. चार पाय टेकतात की नाही ते गच्चीवर बघण्यात अर्थ नाही, तिला पाणी वाहून जायला उतार असतो. खाली घरात आणून पाहिलं. लादीवर एक पाय किंचित अधांतरी. कानशीने बाकीचे तीन जरा उतरवले.

रविवार, 2 मार्च

वरच्या फळ्या.

मिस्त्री पुन्हा डोकावले. त्यांचं म्हणणं, पाचही फळ्या कडेला फेविकॉल लावून एकजीव करा, वर प्लेन मिळेल. त्यांच्या कामात ते बरोबर आहे. ते प्लायवर काम करतात, आणि प्लाय रुंदीत फारसा हलत नाही, कारण त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. सलग लाकूड हलतं. लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत भरपूर.

ढोबळ नियम असा: चपट्या कापाच्या (म्हणजे झाडाची वर्तुळं फळीच्या रुंदीला साधारण समांतर येतात अशा) मऊ लाकडात ओलावा 4 टक्क्यांनी बदलला तर रुंदी साधारण 1 टक्क्याने बदलते. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी हवा कोरडी ठक्क असते आणि जुलैत दमट. फळीतला ओलावा 7-8 वरून 15-16 वर जाईल असं धरलं. 8 टक्क्यांचा फरक, म्हणजे रुंदीत 2 टक्के. एका 145 च्या फळीला तीन मिलिमीटरच्या आत. पण पाच फळ्या चिकटवून एक केल्या तर साडेचौदा मिलिमीटर, आणि खालून त्या आडव्या पट्ट्यांना खिळलेल्या. काहीतरी फाटणार: फळी, नाहीतर सरसाचा जोड.

सुट्या फळ्या, मध्ये फट, प्रत्येकीला आपापलं फुगू-आकसू द्यायचं. आजच्या कोरड्या हवेत फट 4 मिलिमीटर ठेवली. सगळीकडे सारखी यावी म्हणून चार मिलिमीटरचा लॅमिनेट-प्लायचा तुकडा मध्ये घालून ठोकलं. खिळे कडेला मारले नाहीत. फळीच्या मधल्या भागात, एकमेकांपासून पाच सेंटिमीटरवर दोन. कडा मोकळ्या.

आईने फटीतून बोट घालून बघितलं. "ह्यात शेंगदाण्याचं कूट जाणार."

"हे जेवायचं टेबल नाही, आई."

"असं तू आज म्हणतोयस."

शनिवार, 15 मार्च

पॉलिश पेपर, 80 नंबर, मग 120, मग 180. त्यापुढे गेलो नाही, तेल मुरायला पृष्ठभाग जरा उघडा राहिलेला बरा. रेषांच्या दिशेनेच घासायचं. आडवं घासलेलं तेल लावल्यावरच दिसतं आणि मग फार दिसतं.

उरलेल्या तुकड्यांवर आधी चाचणी घेतली. एकावर जवसाचं उकळलेलं तेल आणि मेण, एकावर नुसती चपडा लाख, एक कोरा. तिन्हींवर चहा, लिंबू आणि ओली हळद अर्धा तास ठेवून पुसली. लाखेवर चहाचा पांढुरका गोल उठला. तेलावर चहा-लिंबाचं काही नाही, पण हळदीने तिघांनाही सोडलं नाही. तुकडे गच्चीत उन्हात ठेवले तर संध्याकाळपर्यंत पिवळा रंग बराच उतरला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे धुणं वाळत घालणाऱ्या कुणालाही माहीत असतं. तेल-मेण नक्की केलं. खिडकीखालचं टेबल आहे, ऊन येतंच.

तेलाचे दोन हात, मध्ये दिवसभराचं अंतर. एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो: जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यात उष्णता निघते, आणि बोळ्यात ती साठून फडकं आपोआप पेटू शकतं. पाण्याच्या बादलीत बुडवली, मग पसरून वाळवली.

रविवार, 30 मार्च

पाडवा. टेबल खिडकीखाली बसलं. कामाला सुरुवात.

रविवार, 4 मे

फट 5 मिलिमीटर, एका ठिकाणी साडेपाच. ओलावा 8. हिशोब जुळतोय.

पाहुणे येतात, खिळ्यांच्या डोक्यांवरून हात फिरवतात आणि "घरीच केलंत?" असं विचारतात. त्यातला सूर कौतुकाचा की काळजीचा, हे माणसागणिक बदलतं. फिनलंडची आर्टेक कंपनी 2010 पासून मारीची एक खुर्ची सुट्या कापलेल्या फळ्यांच्या रूपात विकू लागली, ठोकायची घेणाऱ्याने. नाव लागलं की तेच खिळे चालतात. त्यापेक्षा मला बर्लिनचं 'कुकुला' जवळचं वाटतं. आफ्रिकेतून आलेल्या निर्वासित तरुणांनी तिथे मारीच्या नकाशांवरून खुर्च्या करून विकल्या, काहींत इटलीच्या लाम्पेदुसा बेटाला लागलेल्या बोटींचं लाकूड वापरून. विक्रीची परवानगी मारीने स्वतः दिली होती. आता तो नाही, 2020 च्या ऑक्टोबरमध्ये गेला.

मंगळवार, 27 मे

पाऊस काल मुंबई-पुण्यात दाखल, चांगला दोन आठवडे आधी. फटी मोजल्या, अजून तशाच. लाकूड हवेच्या मागून सावकाश येतं.

रविवार, 20 जुलै

ओलावा 15. फट सव्वादोन ते अडीच मिलिमीटर. एकही फळी चिरलेली नाही. दोन फळ्या कडेला किंचित उचलल्या आहेत, कागदाखाली जाणवत नाही, शिलाई मशीनखाली जाणवतं. त्याच्या एका पायाखाली रबराचा तुकडा दिला. आठ-दहा खिळ्यांची डोकी केसभर वर आली होती, पंच लावून आत बसवली. हे दर पावसाळ्यानंतर करावं लागेल. कूट अजून फटीत गेलेलं नाही. चकलीच्या भाजणीचं मात्र गेलं.

दुपारी मिस्त्री आले, यावेळी स्वतःहून. टेबलाच्या एका टोकाला दोन्ही हात टेकून जोर दिला, मग खाली वाकून मुरडलेले खिळे बघितले. (म्हणजे टेबलाखाली कुणीतरी वाकून बघतं.)

"हे असं गिऱ्हाइकाला करून दिलं तर चालेल का हो?"

मारीची अट त्यांना सांगितली. कारखानदार आणि व्यापारी नको.

"मी व्यापारी का?"

उत्तर मला देता आलं नाही. हातावर पोट असलेला मिस्त्री त्या अटीत कुठे बसतो? बर्लिनच्या पोरांना विचारायला माणूस तरी होता. मिस्त्री म्हणाले, राहू दे, आधी घरच्या ओट्यासाठी एक बाक करून बघतो. नकाशाची झेरॉक्स आणि उरलेले अडीच इंची खिळे घेऊन गेले. जाताना जिन्यातून सांगितलं, "बैठकीला मात्र मी फेविकॉल लावणार."